पहिला सामना कोण जिंकणार?

मैदानावरून : वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

या खेपेच्या टपालात मोसमातल्या पहिल्या सामन्याबद्दल चार पत्रं निघाली. तीन अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फुटबॉलवरची आणि एक आपल्या बेळगावातल्या कॉलेजच्या पोराचं. मी एकतीस वर्षं बेळगावच्या एका कॉलेजचा जिमखाना सांभाळला, त्यातली बावीस वर्षं फुटबॉलचा संघ घेऊन हिंडलो. पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री मला कधी झोप लागली नाही. त्यामुळे या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, ते सांभाळून घ्यावं.

*

सर, नमस्कार. माझा मुलगा अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात एम.एस. करतोय आणि बहिणीचा मुलगा कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये. दोघं बेळगावात एका शाळेत शिकले, लेले ग्राउंडवर एकत्र क्रिकेट खेळले. आता ऑगस्ट लागला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांची जुंपते. मिशिगनचा पहिला सामना कुठल्याशा लहान विद्यापीठाशी आहे. मुलगा म्हणतो, चाळीस गुणांनी जिंकू. भाचा म्हणतो, क्वार्टरबॅक नवा आहे, घाम फुटेल. परवा भाच्यानं लिहिलं, ‘२००७ विसरलास काय?’ आणि माझा मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला. दोन दिवस बोलणं बंद. हा खेळ काय आहे, २००७ मध्ये काय झालं आणि दोघांत बरोबर कोण?
— एक आई, टिळकवाडी

ताई, ज्या सामन्यावरून तुमची पोरं भांडली, त्या सामन्याला मी मैदानात बसलो होतो.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं त्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. नात तीन आठवड्यांची होती. जावयांच्या ऑफिसातल्या एकाला ऐनवेळी अडचण आली आणि त्याची दोन तिकिटं आमच्याकडे आली. १ सप्टेंबर २००७, शनिवार, दुपारी बाराचा सामना. मिशिगन स्टेडियम बाहेरून बघितलं तर फार उंच वाटत नाही, कारण त्याचा बराच भाग जमिनीच्या खाली आहे. दारातून आत गेलं की माणूस एकदम मोठ्या विहिरीच्या काठावर आल्यासारखा थबकतो आणि खोल खाली हिरवं मैदान दिसतं. त्या दिवशी आत १,०९,२१८ माणसं होती. बेळगाव शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आत होती, म्हणजे गावातलं दर पाचवं माणूस एका मैदानात आणून बसवल्यासारखं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या फुटबॉल संघांच्या पोरांचा कल्ला मी ऐकलेला आहे, त्यामुळे फुटबॉलचं वेड मला नवं नव्हतं. पण विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांचा खेळ बघायला लाखभर माणूस येतं हे बघून मी पहिली दहा मिनिटं खेळाकडे बघितलंच नाही, माणसांकडेच बघत राहिलो.

खेळ असा. शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू आपल्याकडे आला की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. कबड्डीत जशी प्रत्येक चढाई सुटी, तसा इथला प्रत्येक प्रयत्न सुटा; मध्ये थांबतात आणि पुन्हा मांडणी करतात. शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की सहा गुण. त्यानंतर किक मारून एक जादा गुण घ्यायचा, किंवा किक न मारता पुन्हा एकदा रेषा ओलांडून दोन घ्यायचे. रेषेपर्यंत पोचणं जमत नसेल तर दुरूनच दोन खांबांमधून किक मारायची, त्याचे तीन. चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, कुठं फेकायचा, हे ज्याच्या डोक्यात चालतं तो क्वार्टरबॅक. भाच्याचं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे, ते उगाच नाही.

त्या दिवशी मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर होतं. समोर अ‍ॅपलाचियन स्टेट, नॉर्थ कॅरोलायनातल्या बून नावाच्या डोंगरातल्या गावचं विद्यापीठ. ते खालच्या गटात खेळायचं. मिशिगनच्या गटात संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता यायच्या, त्यांच्या गटात ६३ जणांच्या खर्चाएवढ्याच. जत्रेच्या फडात नामांकित मल्लाला सुरुवातीला हलकी जोड लावतात ना, तसं तिकडची मोठी विद्यापीठं पहिल्या आठवड्यात लहान विद्यापीठाला पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. अ‍ॅपलाचियन स्टेटला या सामन्याचे चार लाख डॉलर ठरले होते. एक गोष्ट मात्र स्टेडियममधल्या बऱ्याच जणांच्या ध्यानात नसावी. हा संघ २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्या गटाचा विजेता होता. खालच्या गटातला असला तरी जिंकायची सवय असलेला संघ होता.

पहिला घाव मिशिगनचाच. पण मध्यंतराला फलक बघितला तर अ‍ॅपलाचियन स्टेट २८, मिशिगन १७. त्यांचा क्वार्टरबॅक आर्मांटी एडवर्ड्स अंगानं बारीक, पण सापडतच नव्हता. मिशिगनची दांडगी पोरं त्याच्यावर झडप घालायची तोवर तो निसटलेला असायचा. उत्तरार्धात मिशिगननं जोर केला. साडेचार मिनिटं उरलेली असताना माइक हार्ट ५४ यार्ड पळत गेला आणि मिशिगन ३२-३१ असं पुढं आलं. सगळं स्टेडियम उभं. जावई मला म्हणाले, “बाबा, वाचलो.”

त्यानंतरचं मी वहीत लिहून ठेवलेलं आहे. सामना बघताना वही जवळ ठेवायची माझी सवय आहे. दीड मिनिटावर काही सेकंद उरले असताना मिशिगननं तीन गुणांसाठी किक मारली, ती अडवली गेली. अ‍ॅपलाचियन स्टेट भराभर पुढं सरकलं आणि २६ सेकंद उरलेली असताना त्यांनी किक मारून तीन गुण घेतले. ३४-३२. तरी मिशिगन संपलं नव्हतं. एक लांब पास ४६ यार्डांचा लागला आणि शेवटच्या सेकंदांत ३७ यार्डांवरून पुन्हा किक. कोरी लिंच नावाचा अ‍ॅपलाचियन स्टेटचा खेळाडू आत घुसला, छातीनं-हातानं चेंडू अडवला, तोच चेंडू उचलून उलट दिशेला पळत सुटला आणि वेळ संपली. वरच्या एका कोपऱ्यात त्यांची मूठभर माणसं ओरडत होती, तेवढाच काय तो आवाज. बाकी लाखभर माणसं गप्प. पार्किंगपर्यंतच्या वाटेवर जावई एक शब्द बोलले नाहीत.

आता बघा, पाचव्या क्रमांकाच्या संघाला हरवलं कशानं? एडवर्ड्सच्या चपळाईनं, हे तर खरंच. पण शेवटच्या दोन मिनिटांत मिशिगनच्या दोन किक अडवल्या गेल्या. त्याआधी उत्तरार्धात दोनदा, एकाऐवजी दोन गुण मिळवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा हात रिकामे राहिले. दोन्हीकडे साधी किक मारून एकेक गुण घेतला असता आणि पुढं सगळं तसंच घडलं असतं, तर ३४-३४ झाले असते. किक, किकसाठी मागं चेंडू देणारा, किकरच्या पुढं भिंत करणारी पोरं, ही खेळातली आडबाजूची कामं. सरावात ती शेवटी, उजेड उरला तर घेतात. पहिल्या सामन्यात आधी तीच उघडी पडतात.

आणि तिकडच्या विद्यापीठ फुटबॉलमध्ये हे जास्तच होतं, कारण मोसमाआधी दुसऱ्या संघांशी सरावाचे सामने खेळायची पद्धतच नाही. ऑगस्टभर आपापसांत सराव, आणि मग एकदम लाख माणसांसमोर खरा सामना. तिकडचे प्रशिक्षक म्हणतात की संघ सगळ्यात जास्त सुधारतो तो पहिल्या आणि दुसऱ्या सामन्याच्या मधल्या आठवड्यात. माझाही अनुभव तोच. लहान संघाला आणखी एक फायदा असतो. त्यांच्यासाठी हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. ते उन्हाळाभर या एका सामन्याची तयारी करतात, आणि मोठा संघ उन्हाळाभर पुढच्या मोठ्या सामन्यांचा विचार करतो.

म्हणून ताई, तुमच्या मुलाचं ‘कोण जिंकणार’ हे उत्तर बरोबर आहे. अशा जोडीत बहुतेक वेळा मोठं विद्यापीठच जिंकतं, तेही मोठ्या फरकानं. ३० ऑगस्ट २०१४ ला मिशिगननं त्याच अ‍ॅपलाचियन स्टेटला पुन्हा पहिल्याच सामन्यासाठी बोलावलं आणि ५२-१४ असं हरवलं. हा आकडा तुमच्या मुलाला द्या, त्याच्या कामाचा आहे. पण ‘घाम फुटेल’ या भीतीत भाच्याचंही बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतोय. नवा क्वार्टरबॅक म्हटलं की सगळे घाबरतात. माझं लक्ष आधी त्याच्या पुढं उभ्या राहणाऱ्या पाच धिप्पाड पोरांकडे जातं. ती पाच पोरं मागच्या वर्षी एकत्र खेळलेली असतील तर नवा क्वार्टरबॅकही निवांत उभा राहून चेंडू फेकतो. ती पाचही नवी असतील तर मुरलेला क्वार्टरबॅकसुद्धा पाठीवर पडलेला दिसेल. दुसरा माझा प्रश्न किकरचा : मागच्या वर्षीचाच आहे की गेला? २०२१ पासून तिकडं खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं, त्यामुळे मागच्या वर्षीची नावं पाठ करून यंदाचं भाकीत करता येत नाही. दोघांना सांगा, यंदाची यादी समोर ठेवून भांडा. अशा भांडणातून दोघांनाही खेळ जास्त कळेल.

चाळीस गुणांचं मात्र मी मनावर घेणार नाही. पहिल्या सामन्यात फरक किती, हे पुष्कळदा मोठा संघ आपली पहिली फळी कधी बाहेर बसवतो यावर ठरतं.

आणि भाच्यालाही थोडं ऐकवा. २००७ काढायचं असेल तर २०१४ ही काढावं लागेल. त्या वर्षी त्याचं ओहायो स्टेट मोसमातल्या दुसऱ्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ असं हरलं होतं. आणि त्याच मोसमात पुढं ते राष्ट्रीय विजेतं झालं, हेही मुलाला सांगा. दोघांच्या विद्यापीठांची आपसातली लढत १८९७ पासूनची आहे. ती नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंग या तिकडच्या सणानंतरच्या शनिवारी होते. तेव्हा जे काय बोलायचं ते बोला म्हणावं, पण आत्ता ऑगस्टमध्ये मावसभावाशी अबोला धरू नका. परदेशात आपल्या बोलीत ‘काय करूलायस?’ म्हणून विचारणारं एवढं एकच माणूस आहे त्यांना.

तुम्हाला बघायचं असेल तर तिथला दुपारी बाराचा सामना इथं रात्री साडेनऊला सुरू होतो. साडेतीन तास तरी धरा. नोव्हेंबरात तिकडं घड्याळ एक तास मागं घेतात, मग साडेदहा.

*

हातात चेंडू घेऊन पळतात, त्याला फुटबॉल का म्हणतात? आमच्या चहाच्या गाड्यावर यावरून रोज वाद आहे.
— एक वाचक, निपाणी

कारण सुरुवातीला तो पायांचाच खेळ होता. तिकडं विद्यापीठांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. एकेका बाजूला पंचवीस जण, आणि चेंडू हातात घेऊन पळायला किंवा फेकायला बंदी. रटगर्सनं ६-४ असा जिंकला. पुढं इंग्लंडच्या रग्बीची छाप पडत गेली, चेंडू हातात आला, पण नाव तेच राहिलं. पुढच्या दिशेला चेंडू फेकायला परवानगी मिळाली ती १९०६ साली, खेळात पोरं जिवानिशी जायला लागल्यावर नियम बदलावे लागले तेव्हा. त्याआधी नुसती अंगावर अंग टाकून रेटारेटी चालायची.

निपाणीहून कोल्हापूर जवळ. थंडीत गाड्यावरची सगळी मंडळी एकदा शाहू स्टेडियमला जाऊन या. पायांचा खेळ डोळे भरून बघायला मिळेल.

*

पहिलाच सामना हरला की मोसम गेला असं तिकडं म्हणतात ते खरं काय?
— बी.ई.चा विद्यार्थी, चिकोडी

पूर्वी बरंचसं खरं होतं. नियमित मोसमात सामने बाराच. २०१४ ते २०२३ या काळात विजेतेपदाच्या बाद फेरीत फक्त चार संघ घ्यायचे, त्यामुळे एक पराभवही महागात पडायचा. २०२४ पासून बारा संघ घेतात. त्याच वर्षी नोत्र दामनं पहिला सामना जिंकला आणि दुसऱ्यात घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ असा मार खाल्ला. लोकांनी त्यांचं नाव पुसून टाकलं. ते थेट अंतिम सामन्यात पोचले. तिथं त्यांना ओहायो स्टेटनं हरवलं, आणि ओहायो स्टेटही त्या मोसमात दोन सामने हरलेलं होतं.

उलटी बाजूही बघा. फ्लोरिडा स्टेट २०२३ च्या नियमित मोसमात एकही सामना हरलं नव्हतं. २०२४ चा पहिला सामना ते डब्लिनला जॉर्जिया टेकशी खेळले, शेवटच्या किकवर २४-२१ असे हरले आणि घसरत गेले. मोसमअखेर दोन विजय, दहा पराभव. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्यांनी पहिल्याच सामन्यात अलाबामासारख्या संघाला ३१-१७ असं लोळवलं. मला वाटलं, उठले आता. पण मोसमअखेर त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्तच भरले, आणि हरलेलं अलाबामा बाद फेरीत गेलं.

वर ज्या मिशिगनची कथा सांगितली ते पुढच्याच शनिवारी ओरेगॉनकडून ३९-७ असं आणखी वाईट हरलं. मग लागोपाठ आठ सामने जिंकलं, आणि १ जानेवारी २००८ ला फ्लोरिडाला ४१-३५ असं हरवून त्यांनी मोसम संपवला. मी तोवर बेळगावला परतलो होतो. पहाटे जावयांचा फोन आला. ते ओरडत होते आणि मागं चार महिन्यांची नात रडत होती.

*

सर, मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला, बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फुटबॉल संघात डावा बॅक. आंतरकॉलेज स्पर्धेत आमचा पहिलाच सामना मागच्या वर्षीच्या विजेत्यांशी पडलाय. कॅन्टीनमध्ये पोरं रोज बोलतात, ‘चार गोल खाणार’. कर्णधार म्हणतो, सुरुवातीपासून अंगावर जाऊ. पी.टी.चे सर म्हणतात, बचाव धरा. गोलकीपर नवा आहे, बैलहोंगलचा. आम्हाला काही चान्स आहे काय? मला फार टेन्शन आलंय.
— डावा बॅक

बाळा, चान्स आहे. कॅन्टीनमधल्या पोरांनी मागच्या वर्षीचा निकाल बघून गोल मोजलेत. तू आधी हे शोध की त्या विजेत्या संघातली किती पोरं तिसऱ्या वर्षाला होती. ती आता कॉलेज सोडून गेली. कॉलेजचा संघ दर जूनला निम्मा नवा होतो, आणि विजेत्यांची नवी पोरं फार ओझं घेऊन उतरतात. त्यांना हरायची परवानगी नसते.

माझी एक चूक सांगतो. एका वर्षी माझ्याकडे आदल्या मोसमातली सात पोरं होती. मी संघ नावांवर निवडला. पावसानं पंधरा दिवस मैदान मिळालं नाही, तेव्हा जिममध्ये वजनं उचलून घेतली आणि समजलो की तयारी झाली. पहिला सामना एका तालुक्याच्या कॉलेजशी होता. आपण ०-३ हरलो.

त्यातला पहिला गोल मला अजून दिसतो. आमचा कीपर सौंदत्तीकडचा, कन्नड बोलणारा, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गोलात उभा. डावा बॅक तुझ्यासारखाच, जांबोटीच्या बाजूचा, नुकता गावातून आलेला. उंच चेंडू आला. दोघंही त्याच्याखाली. कीपर ओरडला, “बिडु!” सोड, मी घेतो. माझ्या पोराला त्या गडबडीत शब्द उमगला नाही. नेमका अर्थ काय म्हणून तो क्षणभर थांबला आणि मग त्यानं डोकं लावलं. चेंडू कीपरच्या हाताला लागून आपल्याच गोलात. नंतर तो पोरगा मैदानाच्या कडेला बसून रडला. मी त्याच्यावर रागावलो नाही, कारण चूक माझी होती. महिनाभर मी त्यांना सगळं शिकवलं आणि चेंडू कुणाचा हे सांगायला कुठला शब्द वापरायचा, तेवढं ठरवलं नाही. आपल्या भागातल्या संघात मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी पोरं शेजारी शेजारी खेळतात. एरवी एकमेकांचं सगळं कळतं. पावसात, गर्दीच्या आवाजात, अर्ध्या सेकंदात कळत नाही.

आता तुमच्या सामन्याचं. तुमचा कर्णधार आणि सर यांच्यात मी सरांच्या बाजूनं आहे, निदान पहिल्या वीस मिनिटांपुरता. ऑगस्टमधलं आपलं मैदान तुला ठाऊक आहे. लाल माती, मधोमध चिखल, गोलासमोर डबकं. ओल्या गवतावर चेंडू सुळकन निघून जातो आणि डबक्यात आला की जागच्या जागी बसतो. अशा मैदानावर आपल्या गोलासमोरून आडवा पास देऊ नकोस, कितीही सोपा वाटला तरी. सरळ कडेला, लांब, लाइनबाहेर गेला तरी चालेल. विजेत्यांना छोटे छोटे पास करायला आवडतं, ते चिखलात जमत नाहीत. वीस मिनिटं गोल झाला नाही की ते एकमेकांवर ओरडायला लागतील. अर्ध्या वेळेला ०-० असेल तर तो निम्मा सामना तुमचा. कर्णधाराला जे अंगावर जायचं आहे ते तेव्हा जा.

तुमचा गोल कॉर्नरवरून किंवा फ्री किकवरून येईल असं धरून चाला. रोज सरावाच्या शेवटी नाही, सुरुवातीला वीस कॉर्नर घ्या, आणि तेवढेच अडवा. मारणारा एकच ठरवा. कोण पुढच्या खांबाशी, कोण मागच्या, कोण बाहेर उभा राहणार, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. वर मिशिगनच्या दोन किकचं लिहिलंय ते एवढ्यासाठीच वाचून घे. कीपरला दररोज ओला चेंडू द्या, बादलीत बुडवून. कोरड्या चेंडूवर केलेला सराव पावसात उपयोगी पडत नाही.

तू खानापूरहून रोज ये-जा करत असशील तर आदल्या रात्री बेळगावात कुणाकडे तरी मुक्काम कर. पहाटे उठून पॅसेंजर किंवा बस गाठायची, ओल्या कपड्यांत पोचायचं आणि दुपारी खेळायचं, हे माझ्या पोरांनी वर्षानुवर्षं केलं आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांचे पाय जड व्हायचे. सामन्याआधी तीन तास भाकरी, भाजी, थोडा भात. तेलकट काही नको. बुटांचे स्टड आधीच्या दिवशी तपासून घे. सामन्याच्या सकाळी बूट मागत फिरणारं पोर दर वर्षी एक तरी असतंच.

टेन्शन आलंय म्हणतोस, ते येऊ दे. मला बावीस वर्षं आलं. एकदाही कमी झालं नाही आणि मी ते कमी करायच्या मागं लागलोही नाही.

बाकी सगळं तुमचे सर बघतील, ते तिथं आहेत. माझं एवढं मात्र आजच कर. तुझ्या बैलहोंगलच्या कीपरला सरावानंतर चहाला घेऊन जा. तो ‘बिडु’ म्हणणार की ‘सोड’, ते दोघं मिळून ठरवा. मग उरलेल्या तिघा बॅकना सांगा. ठरलेला शब्द उद्यापासून प्रत्येक चेंडूला मोठ्यानं ओरडायचा, सरावातसुद्धा, लाज न धरता. कुठला शब्द ठरला ते मला दोन ओळी लिहून कळव.